एन्टे फोटोज : घरच्या फोटोंचे कुलूप आणि चोवीस शब्दांची किल्ली

मागच्या वर्षी गौरी-गणपतीत ठाण्याला, पाचपाखाडीतल्या आमच्या घरी पाहुणे जमले होते आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीवर जुन्या आठवणी म्हणून घरचे फोटो आपोआप सरकत होते. ताटातले मोदक दिसले, भाचीचे बारसे दिसले, आणि त्यापाठोपाठ त्रेचाळीस इंची पडद्यावर माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, पायाची उघडी जखम आली. मी रिमोट शोधेपर्यंत आणखी दोन फोटो येऊन गेले होते. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त पाय खुर्चीखाली ओढून घेतला आणि धोतराचा सोगा पुढे केला.

अण्णांना मधुमेह आहे आणि तळपायाची जखम तीन महिने भरत नव्हती. नौपाड्यातल्या सर्जनांनी रोज ड्रेसिंग बदलताना फोटो काढून पाठवायला सांगितले होते. ते काम खारघरहून येणारी ताई किंवा मी करत असू. फोटो मेसेजिंग अॅपवरून डॉक्टरांना जात, तिथून ते ताईच्या आणि माझ्या मोबाइलच्या गॅलरीत आपसूक साठत, गॅलरीचा बॅकअप रात्री वायफायवर चढत असे, आणि ज्या खात्यात तो चढत असे त्याच खात्याने टीव्हीवर लॉगिन केलेले होते. या साखळीतली प्रत्येक कडी आम्हीच कधी ना कधी ‘ठीक आहे’ म्हणून जोडलेली होती, त्यामुळे कोणाला दोष द्यावा असे काही हाती लागले नाही. फोटो चोरीला गेला नव्हता, कोणी खाते फोडले नव्हते. तरी जे चार माणसांनी पाहायचे ते अठरा जणांनी पाहिले.

त्यानंतरच्या पंधरा दिवसांत मी खासगी फोटो सांभाळण्याच्या आणि वाटण्याच्या जितक्या सोयी मिळाल्या तितक्या वापरून पाहिल्या, आणि शेवटी एन्टे फोटोज या सेवेवर येऊन थांबलो. आता तिच्या वापराला जवळपास वर्ष झाले आहे. ज्यांच्या घरात आजारपणाचे, लहान मुलांचे किंवा कागदपत्रांचे फोटो मोबाइलमध्ये मोकळे पडलेले आहेत, त्यांना उपयोग होईल म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी मी ‘फोटो लपवा’ म्हणणारी अॅप पाहिली, कारण कोणीही आधी तिकडेच जाते. वरून कॅल्क्युलेटर दिसणारी आणि ठराविक आकडा टाकला की उघडणारी ही अॅप गमतीची असतात, पण त्यांतली कित्येक अॅप फोटोची फाइल एखाद्या न दिसणाऱ्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवण्यापलीकडे काही करत नाहीत; मोबाइल संगणकाला जोडला की फोटो समोर. जी एन्क्रिप्शन करतो, म्हणजे किल्ली असलेल्या गुप्त आकड्याशिवाय वाचता येऊ नये अशी फाइल बदलून ठेवतो म्हणतात, त्यांच्या शब्दावरही विसंबता येत नाही. एन्क्यू व्हॉल्ट हे त्या काळी बरेच वापरले जाणारे अॅप २०१५ मध्ये एका तंत्रज्ञाने उलगडून पाहिले, तेव्हा ते फोटोच्या फाइलमधले फक्त पहिले १२८ बाइट बदलत असल्याचे आढळले, आणि तेही अशा किल्लीने की जिच्या सगळ्या मिळून २५६च शक्यता होत्या. म्हणजे दाराची चौकट रंगवून आत भिंत असल्याचा आव आणला होता. उरलेला सगळा फोटो जसाच्या तसा होता.

चित्रांचे एन्क्रिप्शन करताना चांगली पद्धतही चुकीच्या तऱ्हेने वापरली तर फसते, हे मला या निमित्ताने कळले. एईएस हे एन्क्रिप्शनच्या पद्धतीचे २००१ पासूनचे अमेरिकी प्रमाण आजही भक्कम मानले जाते आणि ते मजकुराचे १६-१६ बाइटांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा बदलते. पण प्रत्येक तुकडा सुटा घेऊन एकाच किल्लीने बदलला, तर सारख्या तुकड्यांचे रूपांतरही सारखेच होते. आणि चित्रात तर सारखे तुकडे पुष्कळ असतात, कारण पांढरी भिंत सगळीकडे पांढरीच असते. परिणाम असा, की रंग विस्कटतात पण आकृतीची बाह्यरेषा ओळखू येते. पेंग्विनच्या चित्रावर असा प्रयोग केलेले एक उदाहरण या विषयातल्या विद्यार्थ्यांना हमखास दाखवले जाते: एन्क्रिप्शन झाल्यावरही पेंग्विन पेंग्विनच दिसतो. म्हणून ‘आम्ही एईएस वापरतो’ एवढे वाक्य अॅपच्या जाहिरातीत वाचून समाधान मानू नये, ते कसे वापरतात हे बाहेरच्या माणसाला तपासता येते का, हे पाहावे.

व्हॉट्सअॅपबद्दल ताईचा प्रश्न रास्त होता. “त्यात तर आधीपासूनच एन्क्रिप्शन आहे ना, मग वेगळे कशाला?” तिचे म्हणणे खरेच आहे, २०१६ पासून व्हॉट्सअॅपवरचे संदेश आणि फोटो पाठवणाऱ्याच्या फोनपासून घेणाऱ्याच्या फोनपर्यंत कुलूपबंद जातात. परंतु ते संरक्षण प्रवासापुरते आहे. फोटो पलीकडे पोचून गॅलरीत उतरला की तो इतर फोटोंसारखाच एक फोटो होतो आणि त्या फोनवरच्या प्रत्येक बॅकअपला, प्रत्येक स्लाइडशोला मोकळा असतो. गप्पांच्या बॅकअपलाही असे एन्क्रिप्शन २०२१ पासून मिळते, पण ते सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावे लागते. ताईकडे आयफोन आहे आणि अॅपलने डिसेंबर २०२२ मध्ये आणलेली प्रगत सुरक्षेची सोय चालू केल्यास तिचे आयक्लाउडवरचे फोटोही अॅपलला उघडता येत नाहीत. ही सोय उत्तम आहे, मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या नव्या ग्राहकांसाठी अॅपलला ती बंद करावी लागली, आणि मुख्य म्हणजे माझा व अण्णांचा फोन अँड्रॉइडचा असल्याने आमच्या घरापुरता तिचा उपयोग अर्धाच होता.

एन्टे हा मल्याळम शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘माझे’. गुगलमध्ये काम केलेल्या विष्णू मोहनदास यांनी ही सेवा सुरू केली. तिचे अॅप अँड्रॉइड, आयफोन, संगणक आणि ब्राउझर या सगळ्यांवर चालते. फोटो आपल्या फोनवरच कुलूपबंद होतो आणि मगच बाहेर पडतो. किल्ली कंपनीकडे नसते. अॅपचा सोर्स कोड, म्हणजे ते ज्यातून बनते तो मूळ मजकूर, कोणालाही तपासता यावा असा खुला आहे, मार्च २०२४ पासून सर्व्हरचाही कोड खुला केला आहे, आणि जर्मनीच्या क्युअर५३सारख्या बाहेरच्या संस्थांनी त्यांच्या एन्क्रिप्शनची तपासणी केलेली आहे. फोटोंच्या तीन प्रती युरोपात वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या जातात, त्यांतली एक पॅरिसमधल्या भूमिगत आश्रयस्थानात. खारघरच्या लोकलने जाताना ऐरोली-रबाळेच्या पट्ट्यात डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या प्रचंड इमारती दिसतात, त्या पाहून ‘क्लाउड’ म्हणजे आकाशात काही नसून कोणाच्या तरी मालकीची इमारत आहे, हे ठाणे-नवी मुंबईकराला वेगळे सांगावे लागत नाही. इमारत कोणाची, यापेक्षा तिच्यात ठेवलेल्या पेटीची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

ही किल्ल्यांची रचना थोडी समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढच्या सगळ्या सोयी आणि गैरसोयी तिच्यातूनच येतात. प्रत्येक फोटोला स्वतःची वेगळी किल्ली असते. ती किल्ली अल्बमच्या किल्लीने बंद केलेली असते. अल्बमची किल्ली खात्याच्या मुख्य किल्लीने, आणि मुख्य किल्ली आपल्या पासवर्डमधून तयार होणाऱ्या किल्लीने. पासवर्डपासून किल्ली बनवण्याची प्रक्रिया मुद्दाम जड ठेवलेली आहे, म्हणजे अंदाजाने लाखो पासवर्ड चालवून पाहणाऱ्याला ती महाग पडावी. देवघरातल्या डब्यात कपाटाची किल्ली, कपाटात तिजोरीची आणि तिजोरीत लॉकरची, अशी आमच्या आजीची पद्धत होती, तीच ही. या रचनेमुळे एखादा अल्बम दुसऱ्याला दाखवायचा झाला तर फक्त त्या अल्बमची किल्ली द्यावी लागते, घर उघडे टाकावे लागत नाही. समोरच्याचेही एन्टेवर खाते असेल तर ती किल्ली त्याच्या सार्वजनिक किल्लीने (जिने कोणीही बंद करू शकतो, पण उघडू फक्त तोच शकतो) बंद होऊन जाते आणि वाटेत कोणालाच, अगदी एन्टेच्या सर्व्हरलाही, वाचता येत नाही. आपण योग्य माणसालाच देत आहोत ना, हे पडताळण्यासाठी दोघांच्या फोनवर एक शब्दसंच दिसतो, मी आणि ताईने तो फोनवरून एकमेकांना वाचून दाखवला, तेव्हा अण्णा म्हणाले, “अरे, हे काय पाढे म्हणताय?”

डॉक्टरांना मात्र खाते उघडायला सांगणे शक्य नव्हते. त्यांच्यासाठी लिंकची सोय वापरली, आणि हा भाग मला या सेवेतला सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटतो. लिंकला पासवर्ड लावता येतो, मुदत ठरवता येते, किती उपकरणांवर ती उघडावी याची मर्यादा घालता येते आणि डाउनलोडचे बटण काढून टाकता येते. आम्ही एक महिन्याची मुदत आणि दोन उपकरणांची मर्यादा घातली. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी लिंक मोबाइलवर उघडली, त्यांच्या मदतनिसाने दवाखान्याच्या संगणकावर उघडली, आणि संध्याकाळी डॉक्टरांनी घरच्या टॅबवर उघडायचा प्रयत्न केला तेव्हा ती उघडेना. अर्थात मर्यादा मीच घातली होती आणि अॅपने ती इमानदारीने पाळली होती. पाच केल्यावर प्रश्न मिटला. डॉक्टरांचा शेरा एवढाच होता, की बाकीच्या रुग्णांचे फोटो त्यांच्या गॅलरीत त्यांच्या मुलांच्या फोटोंमध्ये मिसळतात, हे निदान वेगळे राहते.

या लिंकमध्ये एक बारकावा आहे. लिंकच्या मध्ये हॅशचे (#) चिन्ह असते आणि त्यानंतर लांबलचक अक्षरे असतात. ती अक्षरे म्हणजेच अल्बमची किल्ली. ब्राउझर हॅशच्या पुढचा भाग सर्व्हरकडे पाठवतच नाही, तो आपल्या फोनपुरताच राहतो, त्यामुळे एन्टेला अल्बम दाखवता येतो पण वाचता येत नाही. ही युक्ती मला फार आवडली. पण आमच्या मामांनी बारशाच्या अल्बमची लिंक वहीत लिहून घेतली, हॅशपर्यंतच लिहिली, आणि दोन दिवस ‘तुझे ते उघडत नाही’ म्हणून फोन केले. उलट बाजूने पाहिले तर पूर्ण लिंक ज्याच्या हाती पडते त्याच्या हाती किल्लीही पडते, म्हणून लिंक संदेशातून पाठवली तर पासवर्ड त्याच संदेशात लिहू नये, फोनवर तोंडी सांगावा. आणि डाउनलोड बंद केले म्हणजे फोटो सुरक्षित झाला, असा समजही करून घेऊ नये. पडद्याचा स्क्रीनशॉट घेणाऱ्याला किंवा दुसऱ्या फोनने फोटो काढणाऱ्याला कोणतेही एन्क्रिप्शन अडवू शकत नाही. एन्टेही तसे स्पष्ट सांगते.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फोनने काढलेल्या फोटोत वेळ, फोनचे मॉडेल आणि लोकेशन चालू असल्यास अक्षांश-रेखांशही लिहिलेले असतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला तर हा तपशील गळून पडतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसाच जातो. एन्टे मूळ फाइल जपते, म्हणून ज्याला डाउनलोडची मुभा दिली त्याच्याकडे हा तपशीलही जातो. घरच्या माणसांत ते चालते. भाचीचा फोटो ओळखीपाळखीच्या मोठ्या गोतावळ्यात जायचा असेल तर कॅमेऱ्याचे लोकेशन आधीच बंद ठेवावे, हा आमच्या घरात आता नियम झाला आहे.

आता चोवीस शब्दांबद्दल. खाते उघडताना एन्टे चोवीस इंग्रजी शब्दांची एक पुनर्प्राप्ती किल्ली देते आणि बजावते, की पासवर्ड विसरलात आणि हीही हरवली तर फोटो कायमचे गेले, आमच्याकडे तक्रार करून उपयोग नाही. मी हा इशारा वाचला, गंभीरपणे मान डोलावली, आणि त्या चोवीस शब्दांचा स्क्रीनशॉट घेतला. तो स्क्रीनशॉट गॅलरीत गेला आणि रात्री जुन्या बॅकअपमध्ये चढला. ज्या वाटेने अण्णांच्या जखमेचा फोटो टीव्हीवर गेला होता, त्याच वाटेने मी तिजोरीची किल्ली पाठवून दिली होती. दुसऱ्या दिवशी हे ध्यानात आल्यावर ते खाते मोडून नवे उघडले, आणि या वेळी शब्द शाईने वहीत लिहिले. मग अॅपमधून बाहेर पडून वहीवरून परत आत जाऊन पाहिले, तर किल्ली लागेना. माझ्या अक्षरात एका शब्दातला ‘एन’ हा ‘एम’ दिसत होता. ही चाचणी केली नसती तर ती चूक कधी कळली असती, याचा विचारही नको. जो कोणी ही सेवा घेईल त्याने फोटो चढवण्याआधी एकदा वहीवरून आत जाऊन पाहावे, एवढी विनंती आहे. आमची वही आता खारघरला ताईच्या कपाटात आहे आणि तिची वही माझ्याकडे. आपण नसलो तर काय, यासाठी विश्वासातल्या व्यक्तीला नेमून ठेवण्याची सोयही अॅपमध्ये आहे. ती व्यक्ती मागणी करू शकते आणि ठरलेल्या मुदतीत आपण नकार दिला नाही तर तिला खाते मिळते. अण्णांनी त्यासाठी ताईचे नाव दिले, मला विचारलेही नाही.

व्यवहाराच्या बाजू थोडक्यात. १० जीबीपर्यंत सेवा फुकट आहे, आणि जखमेचे किंवा कागदपत्रांचेच फोटो ठेवायचे असतील तर तेवढ्यात वर्षानुवर्षे भागेल. आम्ही २०० जीबीची वार्षिक वर्गणी घेतली, ती कुटुंबातल्या माणसांत वाटून वापरता येते. मोठ्या कंपन्यांच्या तुलनेत जागा महाग पडते, हे मान्य करायला हवे. फोटो पाहून त्यावरून दुसरे काही कमावण्याची वाटच बंद असल्यावर खर्च वर्गणीतूनच निघणार. जुने एकतीस हजार फोटो मी संगणकावरच्या अॅपमधून चढवले आणि त्याला चार रात्री लागल्या. चेहरे ओळखणे आणि फोटोतल्या वस्तूंवरून शोध घेणे या गोष्टी इथे सर्व्हरवर न होता आपल्याच यंत्रावर होतात, त्यामुळे सुरुवातीची छाननी फोनला जड जाते. ती संगणकावर रात्रभर चालू ठेवून उरकणे शहाणपणाचे.

एका गोष्टीबद्दल मी अजून साशंक आहे, आणि ती अॅपची नसून घराची आहे. अण्णा एकोणऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना जुन्या सेवेत पासवर्ड विसरला तर मोबाइल नंबरवर कोड येई आणि काम होई. इथे तसे होत नाही. फोटोंच्या बाबतीत त्यांचे स्वावलंबन या बदलामुळे कमी झाले आहे आणि ते आता ताईवर आणि माझ्यावर अवलंबून आहेत. त्यांच्या जखमेचा फोटो परक्यांनी पाहू नये म्हणून त्यांच्याच फोटोंची किल्ली आम्ही मुलांनी सांभाळावी, हे मला पूर्णपणे बरोबर वाटत नाही. म्हणून त्यांच्या तरुणपणीचे, लग्नाचे आणि कारखान्यातल्या दिवसांचे स्कॅन केलेले फोटो त्यांच्या फोनवर साधेपणाने, कुलपाशिवाय ठेवले आहेत. सगळेच तिजोरीत ठेवायचे नसते.

आधार, घराचा करारनामा, विम्याचे कागद यांसाठी मी एन्टे वापरत नाही. त्यांच्यासाठी क्रिप्टोमेटर हे जर्मन मुक्त सॉफ्टवेअर घेतले आहे. ते आपण आधीपासून वापरत असलेल्या क्लाउडमध्येच एक कुलूपबंद फोल्डर तयार करते, आणि क्लाउडवाल्याला आत फक्त अर्थहीन नावांच्या फाइल दिसतात. पाहायला ते रुक्ष आहे, फोटो चाळण्याची मजा त्यात नाही, पण कागदांना मजा कशाला हवी? झेरॉक्सच्या दुकानात आधारची प्रत काढायची असेल तर शेवटचे चारच अंक दाखवणारे मास्क्ड आधार पाठवावे, आणि दुकानदाराच्या फोनवर फाइल पाठवण्याऐवजी घरूनच छापून न्यावी हे उत्तम.

या वर्षी गणपतीत टीव्ही पुन्हा चालू केला. जुने खाते तिथून काढून टाकले आहे. एन्टेमधून टीव्हीवर अल्बम दाखवता येतो, पण आपण निवडलेला तेवढाच एक. बारशाचा अल्बम लावला होता. अण्णांची जखम मार्चमध्येच भरली, डॉक्टरांची लिंक मुदत संपून बंद झाली आणि मी ताईला विचारले, की तो अल्बम आता काढून टाकू का. काढल्यावरही तीस दिवस कचरापेटीत राहतो. उत्तर अण्णांनी दिले. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे, डॉक्टरांना आधीचे दाखवावे लागेल, तोवर राहू दे म्हणाले.